३१० पराभव आणि एक फ्री थ्रो: कॅलटेकच्या बास्केटबॉल टीमचं प्रकरण

स्कोअर ४५-४५, घड्याळात ३.३ सेकंद, आणि रायन एल्मक्विस्ट नावाचा कॉम्प्युटर सायन्सचा शेवटच्या वर्षाचा मुलगा फ्री थ्रो लाइनवर (फाउल झाला की जिथून मोकळा शॉट मारायला मिळतो तिथे) उभा. तारीख २२ फेब्रुवारी २०११, मंगळवार, जागा कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनामधलं, कॅलटेक या विज्ञान-इंजिनिअरिंगच्या नामांकित संस्थेचं ब्राउन जिम, समोर ऑक्सिडेंटल कॉलेज. कोणी कधी बास्केटबॉल खेळलं असेल तर त्या लाइनवर काय होतं ते त्याला सांगायला नको. बाकीचे नऊ जण हात गुडघ्यावर ठेवून बघत असतात, बॉल हातात आला की तो अचानक नेहमीपेक्षा जड वाटतो, रिंग तीच, अंतर तेच, पण मधे कोणी नसल्यामुळे जे काय होईल ते पूर्ण तुमचं. एल्मक्विस्टचा शॉट आत गेला. ४६-४५. उरलेले तीन सेकंद संपले आणि लोक कोर्टवर धावत आले.

आता ही मॅच कुठल्या फायनलची नव्हती, सेमीफायनलचीही नाही. सीझनमधली शेवटची मॅच होती आणि ती जिंकून सुद्धा कॅलटेकचा कॉन्फरन्समधला (म्हणजे आसपासच्या कॉलेजांच्या गटातला, त्यावर पुढे येतो) रेकॉर्ड झाला १ विजय १३ पराभव. मग एवढं काय? तर त्याआधीचा कॉन्फरन्स विजय २३ जानेवारी १९८५ चा होता, ला व्हर्न युनिव्हर्सिटीविरुद्ध. मधे सलग ३१० कॉन्फरन्स मॅचेस हरले होते. २६ वर्षं! कोर्टवर त्या रात्री जी मुलं होती त्यांच्यातल्या कोणाचा १९८५ मध्ये जन्म सुद्धा झालेला नव्हता.

मी नागपूरला इंजिनिअरिंग करताना कॉलेज टीममध्ये होतो, पॉइंट गार्ड, आणि तेव्हापासून छोट्या कॉलेजांचं बास्केटबॉल फॉलो करायची सवय लागली ती आजपर्यंत आहे. हे प्रकरण मी कितीतरी वेळा वेगवेगळ्या बाजूंनी बघितलंय आणि माझं मत असं झालंय की लोक यातली गोष्ट चुकीच्या ठिकाणी शोधतात. "हुशार मुलं, खेळात कच्ची, शेवटी एकदाची जिंकली" असं सांगून मोकळे होतात. मला त्यात दिसतं ते वेगळं आहे, की एखाद्या टीमचं पुढे काय होणार हे टेबलमधल्या जिंकले-हरलेच्या रकान्यात दिसत नाही, आणि कॅलटेकइतकं स्वच्छ उदाहरण याचं दुसरं सापडणार नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल म्हटलं की आपल्याला ड्यूक आणि केंटकीसारखी कॉलेजं, मार्चमधली मोठी स्पर्धा मार्च मॅडनेस आठवते, ते सगळं डिव्हिजन वन, म्हणजे सगळ्यात वरचा गट. डिव्हिजन थ्री ही पूर्णपणे वेगळी दुनिया आहे, चारशेच्या वर कॉलेजं, आणि मुख्य नियम हा की खेळासाठी स्कॉलरशिप द्यायची नाही. मुलगा शिकायला आलाय, खेळतो ते आवडतं म्हणून. आणि कॉन्फरन्स म्हणजे काय, तर आसपासच्या सात-आठ-नऊ कॉलेजांचा गट, प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी एकदा त्यांच्या घरी. आपल्याकडे युनिव्हर्सिटीच्या झोनल मॅचेस बऱ्याचदा नॉकआउट असतात, सकाळी हरलात की दुपारच्या बसने परत, त्यामुळे नशिबाने एखादी मॅच निघून जाते. कॉन्फरन्समध्ये तसं होत नाही. तेच प्रतिस्पर्धी, तेच कोच, दर वर्षी दोनदा, त्यांना तुमचा सेंटर कुठल्या खांद्यावरून वळतो हे सुद्धा पाठ असतं.

कॅलटेकची कॉन्फरन्स म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया इंटरकॉलेजिएट अॅथलेटिक कॉन्फरन्स, तिथले लोक तिला नुसतं स्कायॅक म्हणतात. १९१५ ची आहे आणि कॅलटेक (तेव्हाचं नाव थ्रूप कॉलेज) पहिल्यापासून तिच्यात आहे. २०१०-११ ला आठ टीम होत्या, कॅलटेक, ऑक्सिडेंटल, व्हिटियर, रेडलँड्स, ला व्हर्न, कॅल लुथरन, पोमोना-पिट्झर आणि क्लेअरमाँट-मड-स्क्रिप्स. सात प्रतिस्पर्धी, दोन-दोन मॅचेस, म्हणजे १४. ऑक्सिडेंटल म्हणजे जिथे ओबामा सुरुवातीची दोन वर्षं शिकले ते कॉलेज, व्हिटियर निक्सनचं. आणि असंही नाही की कॅलटेक कायमच तळाला होतं, १९५४ ला त्यांनी ही कॉन्फरन्स चक्क जिंकलीये.

मग झालं काय? नीट बघितलं तर सगळ्यात मोठं कारण अगदी साधं आहे, मुलंच नाहीत. कॅलटेकमध्ये पदवीचे विद्यार्थी सगळे मिळून हजाराच्या आसपास, त्यातून मुलगे किती, त्यातून उंच किती, त्यातून शाळेत खेळलेले किती, आणि त्यातून पहिल्या वर्षापासून फिजिक्स-मॅथ्सचे ढीगभर प्रॉब्लेम सेट्स सोडवून संध्याकाळी दोन तास पळायची ताकद असलेले किती. आणि कॅलटेक अॅडमिशनमध्ये खेळाडूला सवलत देत नाही. बरीच वर्षं परिस्थिती अशी होती की टीममध्ये शाळेत पहिले आलेले जास्त आणि शाळेच्या टीममधून खेळलेले कमी.

आता शेजारी बघा. पोमोना-पिट्झर ही दोन कॉलेजांची मिळून एक टीम. क्लेअरमाँट-मड-स्क्रिप्स तीन कॉलेजांची, त्यातलं स्क्रिप्स मुलींचं म्हणजे पुरुषांच्या टीमसाठी दोन. आणि त्यातलं मड म्हणजे हार्वे मड कॉलेज, जिथला अभ्यास कॅलटेकसारखाच जीव काढणारा आहे आणि विद्यार्थी तर कॅलटेकहूनही कमी. हार्वे मडने एकट्याने टीम काढली असती तर त्यांचंही बहुधा हेच झालं असतं असं मला ठामपणे वाटतं, पण त्यांच्या मुलांना क्लेअरमाँट मॅकेनाच्या मुलांसोबत खेळायला मिळतं म्हणून कोणी हार्वे मडच्या हुशारीला बास्केटबॉलमधल्या पराभवांशी जोडत नाही. कॅलटेकला असा शेजारी नाही. ही गोष्ट मी कुठल्याही चर्चेत सगळ्यात आधी सांगतो कारण "पुस्तकी किडे" हे स्पष्टीकरण त्यासमोर टिकत नाही.

याच कॉन्फरन्समधली अजून एक केस शेजारी ठेवली पाहिजे. १९७९ मध्ये पोमोना-पिट्झरला एक तरुण कोच आला, ग्रेग पोपोविच, तोच जो पुढे सॅन अँटोनियो स्पर्ससोबत पाच एनबीए टायटल जिंकला. पहिल्या सीझनमध्ये त्याच्या टीमचा रेकॉर्ड २ विजय २२ पराभव, आणि त्या बावीसमध्ये एक पराभव कॅलटेककडून होता, ज्या कॅलटेकने त्याआधी सलग ९९ कॉन्फरन्स मॅचेस हरलेल्या होत्या! म्हणजे १९८५ ला सुरू झालेली मालिका काही पहिली नव्हती. पण पुढे बघा, त्याच पोमोना-पिट्झरने १९८५-८६ ला कॉन्फरन्स जिंकली, ६८ वर्षांनी पहिल्यांदा. दोन्ही कॉलेजं अभ्यासात वरची, दोन्हीकडे स्कॉलरशिप नाही, एक सहा-सात वर्षांत तळातून वर गेलं आणि दुसरं २६ वर्षं तिथेच. कोच तिकडे ग्रेट होता हे खरंच आहे, पण तो मुलं घरोघर जाऊन शोधू शकत होता आणि शोधलेल्या मुलाला अॅडमिशन मिळायची शक्यता कॅलटेकपेक्षा बरीच जास्त होती.

आता गणिताकडे येतो, मला या प्रकरणात सगळ्यात जास्त रस इथेच आहे. समजा एखाद्या टीमला प्रत्येक मॅच जिंकायची शक्यता १ टक्का आहे. तर सलग ३१० हरायची शक्यता किती? ०.९९ ला ३१० वेळा स्वतःशी गुणा, उत्तर येतं साधारण ४.४ टक्के. प्रत्येक मॅचला २ टक्के धरले तर ३१० हरायची शक्यता पडते ०.२ टक्क्यावर, म्हणजे जवळपास अशक्य. याचा अर्थ त्या २६ वर्षांत कॅलटेकची सरासरी संधी बहुधा मॅचमागे एक टक्क्याहून कमी होती. म्हणजे "नशीब खराब होतं" वगैरे नाही, ती टीम खरोखर तेवढी मागे होती, हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

पण आता एकाच सीझनचं बघा. १४ मॅचेस, प्रत्येकात १ टक्का, तर सीझनमध्ये किमान एक जिंकायची शक्यता १३ टक्के. तेच मॅचमागे ५ टक्के झाले तर? ५१ टक्के. १० टक्के झाले तर ७७. म्हणजे बघा, ५ टक्क्यांची टीम सुद्धा टेबलमध्ये ०-१४ किंवा १-१३ च दिसणार, बघणारा म्हणणार काही फरक पडला नाही, पण आतमध्ये ती टीम पाचपट सुधारलेली असू शकते! १ वरून ५ वर जाणं हेच सगळ्यात कठीण काम आणि तेच काम टेबलमध्ये दिसत नाही. कोचने तीन वर्षं मान मोडून मेहनत केली तरी पेपरात तोच शून्य.

मग ते दिसतं कुठे? तर कॉन्फरन्सबाहेरच्या मॅचेसमध्ये. तिथे प्रतिस्पर्धी आपण निवडतो, आपल्या ताकदीचा शोधता येतो, म्हणून सुधारणेची पहिली खूण तिथे उमटते. कॅलटेकचं अगदी तसंच झालं. ६ जानेवारी २००७ ला त्यांनी न्यूयॉर्कच्या बार्ड कॉलेजला ८१-५२ ने हरवलं, डिव्हिजन थ्रीमधल्या टीम्सविरुद्ध सलग २०७ पराभवांनंतर. तेव्हा कोच होता रॉय डाऊ. २९ पॉइंट्सने जिंकणं म्हणजे काठावरचं काही नाही, सरळ मोठा विजय. तेव्हा ज्यांनी ही मॅच नीट बघितली त्यांना कळायला हवं होतं की काहीतरी हललंय. तरी कॉन्फरन्समध्ये पुढची चार वर्षं शून्यच, कारण वर म्हटलं तसं तिथले प्रतिस्पर्धी निवडून मिळत नाहीत.

२००८ ला ऑलिव्हर एस्लिंगर कोच म्हणून आला. हा माणूस आधी एमआयटीला असिस्टंट होता, आणि शिक्षण स्पोर्ट्स सायकॉलॉजीच्या अंगाने झालेलं, म्हणजे अभ्यासाच्या ओझ्याखालची मुलं कशी असतात हे त्याला बाहेरून सांगावं लागलं नसणार. त्याने लावलेला जोर मुख्यतः मुलं शोधण्यावर होता. कॅलटेकची अॅडमिशन स्वतःच्या मार्कांवर मिळवू शकेल आणि शाळेत सिरियसली खेळलाय असा मुलगा अख्ख्या अमेरिकेत शोधायचा, असे वर्षाला तीन-चार मिळाले तरी खूप. एल्मक्विस्ट मात्र त्याच्या आधीच कॅलटेकमध्ये आलेला होता, मूळचा मिनेसोटाचा, सहा फूट पाच इंच.

२०१०-११ चा पूर्ण रेकॉर्ड ५ विजय २० पराभव. हे असंच वाचलं तर वाईट सीझन. पण दोन भागात करून वाचा: कॉन्फरन्समध्ये १-१३, म्हणजे बाहेर ४-७. अकरातल्या चार! ज्या टीमने दहा वर्षांहून जास्त काळ डिव्हिजन थ्रीमधली एकही मॅच जिंकली नव्हती ती आता बाहेर तीनातली एक मॅच जिंकत होती. मी जर तेव्हा फेब्रुवारीच्या सुरुवातीला या टीमच्या प्रॉस्पेक्ट्सबद्दल लिहिलं असतं तर लिहिलं असतं की कॉन्फरन्स विजय या सीझनला नाही तर पुढच्याला नक्की येतोय. आणि ४६-४५ हा स्कोअर पण बघा, चाळीस मिनिटांच्या खेळात दोन्ही टीम पन्नासच्या आत, मॅच एकदम हळू चाललेली. कमजोर टीमसाठी हेच बरोबर आहे. जितके कमी पझेशन (बॉल ताब्यात यायच्या पाळ्या) तितकं समोरच्याचं वरचढपण दिसायला कमी जागा. फास्ट ब्रेकवर ८० पॉइंट्सचा खेळ झाला की चांगली टीम शेवटी पुढे जातेच, ४५ च्या खेळात एक रिबाउंड, एक फाउल, आणि मॅच लाइनवर येऊन थांबते.

लाइनवरून एक गोष्ट आठवली ती सांगायलाच हवी. फ्रेड न्यूमन नावाचा कॅलटेकचाच जुना विद्यार्थी, त्याने सप्टेंबर १९९० मध्ये कॅलटेकमध्येच २४ तासांत २२,०४९ फ्री थ्रो मारले आणि त्यातले २०,३७१ आत घातले, ९२ टक्क्यांच्या वर. मिनिटाला सरासरी पंधरा, रात्रभर. जगातला बहुधा सगळ्यात भारी फ्री थ्रो मारणारा माणूस त्या कॉलेजचा, आणि ती सगळी वर्षं टीम हरतच होती, कारण लाइनपर्यंत पोहोचायलाच आधी कोणीतरी तुम्हाला फाउल करावा लागतो आणि ते होण्यासाठी आतमध्ये बॉल घेऊन जाणारा उंच मुलगा लागतो. २०११ ला तो मुलगा होता.

मराठी माणसाला कॅलटेक म्हटलं की बहुतेक दुसरी नावं आठवतात. आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी १९८५ लाच तिथे गेले, म्हणजे ज्या वर्षी ही पराभवांची मालिका सुरू झाली त्याच वर्षी, आणि त्या २६ वर्षांत त्यांनी आकाशात काय काय शोधलं ते सगळ्यांना माहितीये. लिनियर प्रोग्रॅमिंगवाले नरेंद्र करमरकर यांनी मास्टर्स तिथेच केलं. असल्या जागेत पाच मुलं रोज संध्याकाळी जिममध्ये येतात, हरणार हे माहीत असून वॉर्म अप करतात, दोन-दोन रांगा लावून लेअप मारतात, आणि रात्री परत जाऊन प्रॉब्लेम सेट पूर्ण करतात, याचं मला खरंच मनापासून कौतुक आहे. एक-दोन वर्षं नाही, चार वर्षं खेळून एकही कॉन्फरन्स मॅच न जिंकता पदवी घेऊन गेलेल्या वीसेक बॅचेस आहेत त्या कॉलेजात. त्या मुलांनी टीम सोडून दिली असती, पाच मुलं जमली नसती, तर एल्मक्विस्टला उभं राहायला लाइनच नसती.

एक अवघड गोष्ट पण लिहिली पाहिजे, नाहीतर केस अर्धी राहील. २०१२ ला एनसीएएने (अमेरिकन कॉलेज खेळांचं नियमन करणारी संस्था) कॅलटेकवर तीन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे देखरेखीची शिक्षा, लावलं. कॅलटेकमध्ये तेव्हा टर्मच्या सुरुवातीचे आठवडे मुलं वेगवेगळ्या क्लासेसना बसून बघायची आणि मग नोंदणी पक्की करायची, त्यामुळे त्या दिवसांत कागदोपत्री काही खेळाडू फुल टाइम विद्यार्थी नव्हते आणि तरी खेळले, १२ खेळांत मिळून ३० जण. कॉलेजने स्वतःहून जाऊन हे सांगितलं होतं. मला इथे दोन्ही बाजू पटतात, नियम सगळ्यांना सारखा हवा हे बरोबर, पण अभ्यास निवडायच्या पद्धतीमुळे खेळाडू अपात्र ठरतो ही कॅलटेकसारख्या जागेची अडचण बाहेरून कळणं कठीण आहे. आधीच मुलं कमी, त्यात पोस्टसीझनची (सीझननंतरच्या स्पर्धांची) बंदी, कोचच्या कॅम्पसबाहेरच्या रिक्रूटिंगवर, म्हणजे बाहेर जाऊन मुलं शोधण्यावर, बंदी. आणि रिक्रूटिंग हाच तर त्यांचा एकमेव रस्ता होता.

आता प्रॉस्पेक्ट्स, म्हणजे पुढे काय होऊ शकतं ते. त्या रात्रीनंतर सगळ्यांनी लिहिलं की कोंडी फुटली, आता गाडी सुटली. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. दहा-बारा जणांच्या टीममधून एक एल्मक्विस्ट पास होऊन गेला की मॅचमागचे ५ टक्के परत २ वर येतात, आणि २ टक्क्यांवर सीझनमध्ये एक विजय यायची शक्यता २५ च्या आत. मोठ्या कॉलेजात एक गेला तर बेंचवर दुसरा असतो, इथे बेंचवरचा मुलगा कदाचित लॅबमध्ये असतो. त्यामुळे अशा टीमचा आलेख सरळ वर जात नाही, एका चांगल्या बॅचबरोबर चढतो आणि ती बॅच गेली की उतरतो, आणि कोचचं खरं काम म्हणजे दोन चांगल्या बॅचेसमधलं अंतर कमी करत नेणं.

म्हणून दर नोव्हेंबरला डिव्हिजन थ्रीचा सीझन सुरू झाला की मी असल्या छोट्या टीम्सचं रोस्टर (खेळाडूंची यादी) उघडतो तेव्हा मागच्या वर्षीचे विजय आधी बघत नाही. आधी उंचीचा रकाना, मग वर्षाचा. सहा फूट चारच्या वरचे किती, आणि त्यातले जुनियर (तिसऱ्या वर्षाचे) किती, कारण ते अजून एक वर्ष राहणार. मग डिसेंबरपर्यंतच्या बाहेरच्या मॅचेस, त्यात हरलेल्या मॅचेसमधलं अंतर किती. दहाच्या आतले पराभव वाढायला लागले की मी त्या टीमच्या फेब्रुवारीतल्या घरच्या मॅचेसची तारीख लिहून ठेवतो, विशेषतः शेवटची.